थेट विमान भरलंय

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले संचालक महोदय. त्यांच्या उजव्या हाताला बसलेल्या आणि निवृत्तीनंतरही आमच्या हाकेला ओ देऊन आलेल्या माजी भांडारप्रमुख बाई. डाव्या हाताला बसलेल्या सत्कारमूर्ती, म्हणजे प्रवासविभागातून आज निवृत्त होणाऱ्या आपल्या मॅडम. पहिल्या रांगेत त्यांचे यजमान आणि लेक. आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे सहकारी, ज्यांना उपाहारगृहातल्या सगळ्या खुर्च्या आणूनही बसायला जागा मिळाली नाही, त्या सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. आधीच्या वक्त्यांनाही पाचच दिली होती, हे आपण पाहिलंच. तेव्हा चहा निवणार, याची मनाची तयारी ठेवावी.

घरच्या पाहुण्यांसाठी दोन शब्द. औषधाच्या गोळ्या पट्टीत भरणारी यंत्रं आम्ही इथे, अटलांटिकच्या या काठावर, बनवतो. यातली निम्मी यंत्रं अटलांटिकच्या पलीकडे आहेत, आणि यंत्र बिघडलं की कारखाना थांबतो. मग आमचा एक माणूस अठरा किलोची हत्यारपेटी घेऊन दुसऱ्या दिवशी तिकडे हजर असावा लागतो. तो कुठल्या कंपनीच्या विमानानं जाईल, कुठे उतरेल, कुठे बदलेल, हे सव्वीस वर्षं मॅडमनी ठरवलं. यात ठरवण्यासारखं काय आहे, असं आपल्याला वाटेल. मलाही वाटायचं. मी नाकासमोर चालणारा माणूस. सगळ्यात लवकर पोचेल ते विमान घ्यावं, एवढंच माझं शास्त्र.

मॅडमचं शास्त्र वेगळं होतं. दोन विमानांमध्ये अडीच तासांपेक्षा कमी थांबा त्या देत नसत. दिवसातलं शेवटचं विमान जोडविमान म्हणून कधी घेत नसत. ते चुकलं तर माणूस बाकावर झोपतो, म्हणायच्या. थंडीत उत्तरेकडचा विमानतळ वर्ज्य. दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास करायला निघालेल्याला त्या समोर बसवून विचारायच्या, "पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी तुमची कोण लागते?" आमच्यातल्या काही उतावळ्या नवऱ्यांनी त्यांचं नाव ठेवलं होतं वळसाबाई. मॅडम, हे आपल्याला ठाऊक नसेल तर आज कळलं. हसताय, म्हणजे ठाऊक होतं.

विमान कंपन्यांचीही त्यांनी वर्गवारी केली होती. एक कंपनी म्हणजे मामाचं घर: निघायला उशीर करतील, पण उपाशी ठेवणार नाहीत. दुसरी म्हणजे सासर: सगळं मिनिटाच्या ठोक्याला, पण पाणी हवं का म्हणून कुणी विचारणार नाही. आमच्या एका सहा फूट तीन इंच उंचीच्या तंत्रज्ञाला, ज्याला आपण सगळे शिडी म्हणतो, त्यांनी कायम मामाच्या घरी पाठवलं. का, तर तिथे गुडघ्यापुढे चार बोटं जागा जास्त. ही चार बोटं त्यांनी कुठल्या माहितीपत्रकात वाचली नव्हती. शिडीला पट्टी घेऊन पाठवलं होतं.

कारण त्यांच्याकडे एक वही होती. परत आलेल्या प्रत्येकाला त्यांच्या टेबलासमोर पाच प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. एका विमानाच्या दरवाज्यापासून दुसऱ्याच्या दरवाज्यापर्यंत चालायला किती मिनिटं लागली? पेटी सरकत्या जिन्यावर चढली का? पाणी कुठे मिळालं? रांग कुठे तुंबली? उतरल्यावर पाय ठिकाणावर होते का? उत्तरं दिल्याशिवाय पुढचं तिकीट नाही. स्वतः मॅडम महासागरापलीकडे दोनदाच गेल्या, पण पलीकडच्या अकरा विमानतळांवरचे नळ त्यांना पाठ आहेत.

इथवरचं भाषण मी परवाच लिहून ठेवलं होतं. पुढचं आज सकाळी लिहिलं. आवाज थोडा इकडेतिकडे झाला तर ध्वनिक्षेपकाला बोल लावू नये.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे वडील माझ्या काकांकडे राहायचे, महासागराच्या पलीकडे. एका सकाळी नऊ वाजता काकांचा फोन आला, की बाबांना दवाखान्यात हलवलंय, लगेच नीघ. मी तडक मॅडमच्या टेबलापाशी गेलो. त्यांनी हातातलं काम बाजूला सारलं. "तुम्ही घरी जाऊन बॅग भरा. अर्ध्या तासात सांगते." बाराला सुटणारं थेट विमान मला ठाऊक होतं. आठ तासांत पलीकडे. मी म्हटलं, तेच घ्या.

अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला. "थेट विमान भरलंय. दोनच्या विमानानं जा. मध्ये एक थांबा आहे, तिथून पुढे दोन तास."

मी म्हटलं, "अहो, पाच तास उशीर होतोय! एक जागासुद्धा नाही?"

"नाही. निघा तुम्ही."

विमानतळावर माझी बॅग घेणारी मुलगी बोलकी होती. मी सहज म्हटलं, की थेट विमान भरलं नसतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "भरलं होतं? आत्ताच सुटलं की ते. अर्धं रिकामं गेलं."

आपण माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी प्रतीक्षाकक्षातल्या खुर्चीवर बसून तेव्हाच्या संचालकांना तक्रार लिहून पाठवली. चौदा ओळी. जागा असूनही नाही म्हणून सांगितलं, चौकशी करण्याचीही तसदी घेतली नाही, या निष्काळजीपणामुळे माझ्या वडिलांची आणि माझी शेवटची भेट हुकली तर जबाबदार कोण? निष्काळजीपणा हा शब्द मी तीनदा वापरला. आणि विमानात जाऊन बसलो.

थांब्याच्या विमानतळावर उतरलो, पुढच्या विमानाच्या दरवाज्याकडे चालत गेलो, तर समोर माझी ताई उभी. ताई तिसऱ्याच देशात असते. तिला तिथे पाहिलं आणि काय ते समजलो. तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, मला खाली बसवलं आणि मग सांगितलं. बाबा सकाळी सव्वानऊलाच गेले होते, आमच्या घड्याळानं. मी बॅग भरायला घरी निघालो होतो तेव्हा.

ताई म्हणाली, "काकांनी आधी मला कळवलं. मी तुझ्या ऑफिसात फोन लावला, त्या प्रवासाच्या बाईंना. म्हटलं, माझा भाऊ आठ तास एकटा आकाशात हे घेऊन बसायला नको. मी या मार्गानं येतेय, त्यालाही याच मार्गानं आणता येईल का? त्या म्हणाल्या, येईल."

पुढचे दोन तास आम्ही शेजारी बसून गेलो. ती खिडकीशी, मी तिच्या बाजूला. जागा मॅडमनीच सांगून ठेवल्या होत्या. बाबांच्या उतारवयातल्या हट्टांबद्दल बोललो. रडलो. एकदा हसलोसुद्धा, आणि आम्हाला काय हवं ते विचारायला आलेली हवाईसुंदरी गोंधळून परत गेली. त्या दोन तासांचं मोल मला आजही सांगता येत नाही. म्हणून सांगत नाही.

मी परतलो तोवर चौकशी आटोपली होती. मॅडमना विचारलं गेलं, की थेट विमानात जागा होत्या का? त्यांनी हो म्हटलं. मग नाही का सांगितलंत? कारण सांगायला त्यांनी नकार दिला. माझ्या घरातली गोष्ट माझ्या परवानगीशिवाय संचालकांच्या दालनात सांगायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं असावं. त्यांच्या फायलीला शेरा लागला: निष्काळजीपणा. विभागप्रमुखाचं पद त्यांच्याकडे चालत येत होतं, ते थांबलं. आणि नवा नियम निघाला, की यापुढे प्रवासाचा मार्ग सेवाविभागाच्या मंजुरीनंच ठरेल. सेवाविभाग म्हणजे कोण? म्हणजे मी.

मी तेव्हाच का बोललो नाही? पहिल्या आठवड्यात दुःख होतं. दुसऱ्या आठवड्यात लाज वाटत होती. तिसऱ्या आठवड्यात मंजुरीचा शिक्का माझ्या टेबलावर आला, आणि मग मी मूग गिळून बसलो. अठरा वर्षं त्यांनी आखलेल्या मार्गांवर मी सह्या केल्या. एकही बदलला नाही, बदलण्याइतकं मला कळतच नव्हतं.

एकदा, परत आल्यावर लगेचच, मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो होतो. शब्द जुळवत होतो. त्यांनी वही उघडली. "दरवाज्यापासून दरवाज्यापर्यंत किती मिनिटं लागली?" मी म्हटलं, अकरा. त्यांनी लिहून घेतलं. मग मान वर न करता विचारलं, "दोघं शेजारी बसलात ना?" मी हो म्हटलं. "बरं झालं," म्हणाल्या, आणि पान उलटलं.

आता एक मतभेद, कारण सत्कारात नुसती साखर पेरलेली मॅडमना आवडणार नाही. ती बातमी माझी होती. ती मला कळायला हवी होती, असं मला आजही वाटतं. ताईशी यावरून मी दोनदा भांडलो आहे. मॅडम, आपण माझ्याशी खोटं बोललात, हे माझं म्हणणं कायम आहे. पण निष्काळजीपणा? अर्ध्या तासात दोन देशांतून दोन माणसं एका दरवाज्यावर आणून, त्यांना शेजारच्या खुर्च्या देणाऱ्या बाईंना मी निष्काळजी म्हटलं, आणि ते कागदावर राहू दिलं.

आज सकाळी मी संचालक महोदयांना पत्र दिलं. तक्रार खोटी होती, त्या शेऱ्याला आधार नव्हता, आणि हे मला त्याच दिवसापासून ठाऊक होतं, असं त्यात लिहिलं आहे. त्यांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे फारसं प्रेमानं पाहिलं नाही, आणि शेरा रद्द केल्याची सही केली. फाईल आज बंद होते आहे. त्यात सगळ्यात वर हे पान असेल. गेलेलं पद यानं परत येत नाही, हे मला समजतं. त्यांच्या लेकीनं आईबद्दल घरी काही वेगळं ऐकलं असेल, तर तिनंही आज हे ऐकावं म्हणून एवढ्या लोकांसमोर बोललो.

अध्यक्षांनी मध्येच घंटी वाजवली नाही, याबद्दल त्यांचे आभार. आपण सर्वांनी, काहींनी तर उभं राहून, ऐकलंत, आपलेही आभार. बोलण्याच्या ओघात शब्द कमीजास्त झाला असेल, तर आपण सगळ्यांनी तो चहाबरोबर पोटात घालावा. मॅडमनी मात्र घाई करू नये. कबूल करायला मला अठरा वर्षं लागली. माफ करायचं की नाही हे ठरवायला त्यांनी हवा तेवढा वेळ घ्यावा.