घरातली पोर घरात

(सोलापूर, १९७४. टॉकीजमध्ये मध्यंतर झालंय. काशम्मा डोळे पुसतेय, शेजारी तिची लेक हेमावती. हेमावतीची मुलगी चंद्रव्वा मामाबरोबर, चन्नवीरबरोबर, सोडा प्यायला बाहेर गेलीय.)

काशम्मा : कसली गं ही आई! एवढीशी पोर परक्याच्या दारात सोडली, आन् मागं वळूनसुद्धा बघितलं न्हाय!

हेमावती : पदर भिजला की तुझा, अव्वा.

काशम्मा : भिजंल न्हाय तर काय! फाटक धरून कसं रडत होतं लेकरू.

हेमावती : व्हय. आता सांग, आज सिनेमा कसा काय दाखवलास?

काशम्मा : काय न्हाय गं. चन्नवीर मिलात कायम झाला. त्याचं उरकून टाकावं म्हणते. चंद्रीबी मोठी झालीच की. घरातली पोर घरात राहील.

हेमावती : सातवीत हाय ती!

काशम्मा : तू तरी केवढी होतीस? माझ्या भावाला दिली तुला, काय वाईट झालं? सख्खा मामा. गड्ड्याच्या जत्रेत खांद्यावर घेऊन फिरवायचा.

हेमावती : त्या मामावर लई जीव होता माझा. तू लग्न लावलंस आन् मामा गेला माझा.

काशम्मा : काय अभद्र बोलतीस! कुंकू हाय की कपाळावर.

हेमावती : पैल्याच साली त्यांनी मारलं, तवा पळत तुझ्याकडं आले. पाठीवर वळ होते. काय म्हणालीस?

काशम्मा : आता कशाला ते उकरतीस?

हेमावती : "माझा भाऊ उपाशी असंल, जा, भाकरी टाक." त्या दिवशी कळलं, मला आई न्हाय. नणंद हाय.

काशम्मा : दोन्हीकडं माझंच घर हुतं गं. कुणाची बाजू घेऊ?

हेमावती : भावाची घेतलीस. उद्या चंद्री तशीच आली, तर मीबी तेच करीन. चन्नवीर माझा पाठचा भाऊ हाय, अव्वा. माझा लई जीव हाय त्याच्यावर. त्याचीच भीती वाटती मला.

काशम्मा : न्हाय म्हणालीस तर चोळी-बांगडी बंद. माहेर तुटलं समज.

हेमावती : होतं कवा?

काशम्मा : ...घंटा झाली. आली बघ दोघं हसत. जोडा कसा शोभतोय!

हेमावती : चंद्रे, हिकडं ये. माझ्या आन् भिंतीच्या मधी बस.

काशम्मा : आगं, मामाच हाय की तिचा. खातोय का तिला?

हेमावती : मामा हाय. मामाच राहू दे त्याला.