पाचव्या प्रश्नाचं शून्य

— नाही नाही, बसा हो किसनराव, उभ्यानं काय बोलायचं. गोजराचा पेपर आणलात ना? दाखवा. पाचवा प्रश्न, पेशीपटलाची रचना. पाच मार्कांचा, मिळालं शून्य. हो, सही माझीच, लाल शाईही माझीच. पोरगी तीन दिवस कॉलेजला आली नाही, सायन्स सोडते म्हणते — ऐकून वाईट वाटलं, खरंच. तुमची बोनकोड्याची शेती या नव्या शहरात गेली, पोरीनं तरी शिकावं असं तुम्हाला वाटणारच. पण मी काय करू? अठरा वर्षं बायॉलॉजी शिकवतोय, आधी दादरला, मग हे वाशीचं कॉलेज उघडलं तेव्हापासून इथे. पेशी म्हणजे कळतं ना? आपलं अंग ज्याचं बनलंय तो बारीक कण. त्याच्याभोवतीचा पडदा म्हणजे पेशीपटल. अठरा वर्षं मी फळ्यावर एकच आकृती काढतो — वर प्रथिनांचा थर, खाली प्रथिनांचा थर, मधे चरबी. पाव-लोणी-पाव. पोरं हसायची, पण जन्मात विसरायची नाहीत.

मग गेल्या जूनमध्ये वैजयंती मॅडम आल्या. वय काय तर सव्वीस! पुण्याहून नवं पुस्तक घेऊन आल्या. आणि शिकवलं कसं? काचेच्या ट्रेमध्ये पाणी, त्यावर दाटीवाटीनं पिंगपाँगचे चेंडू — ती चरबी म्हणे. मधे मधे थर्माकोलचे ठोकळे, ती प्रथिनं. बोटानं ठोकळा ढकलला की चेंडू बाजूला होतात, ठोकळा सरकतो, मागे चेंडू पुन्हा जवळ येतात. पटल म्हणजे भिंत नाही, म्हणाल्या, वाहती गोष्ट आहे. झालं! मधल्या सुट्टीत पोरी डबे टाकून त्या ट्रेभोवती. माझ्या वर्गातल्यासुद्धा. प्रिन्सिपल साहेब बघायला आले — साहेब, ज्यांनी माझ्या लॅबमध्ये पाच वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं! वर मलाच म्हणतात, "सर, तुम्हीही बघा, शिकण्यासारखं आहे."

जळलो? छे! मी कशाला जळू? माझी मुलगी असती तेवढ्या वयाची. फक्त — गोजरा भर वर्गात उभी राहिली ना. "सर, प्रथिनं वरून लावलेली नसतात, चरबीत रुतलेली असतात, काही तर आरपार." नम्रपणे बोलली, हो, तुमची पोर उद्धट नाही. पण मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पाव शिळा झाला." सगळा वर्ग हसला. तीही हसली. नाही, तोंड खाली घालून, पण हसली — मी बघितलं.

नंतर हा पेपर आला. तिनं मॅडमचीच आकृती काढलेली, किती नेटकी बघा. आता मी म्हणू शकतो, की मला नवं काही ठाऊक नव्हतं, जुन्या माणसाची चूक झाली. साहेबांना तेच सांगितलंय. पण पेपर तपासायच्या आदल्या दिवशी मॅडम तासाला गेल्या होत्या, तेव्हा त्यांच्या टेबलावरचं ते पुस्तक उघडून पटलाचं प्रकरण मी पूर्ण वाचलं होतं, अन् मग तपासताना —

...

असं बघू नका. होय, वाचलं होतं. उत्तर बरोबर आहे हे ठाऊक असताना शून्य दिलं. गोजराला नाही हो, गोजरानं माझं काय वाकडं केलंय? ते शून्य मॅडमना होतं. त्या ट्रेला. अन् पोहोचलं कुठे तर तुमच्या घरात.

आणा तो पेपर. हे शून्य खोडलं. पाच. सही केली. तिला सांगा, सायन्स सोडायचं नाही, सरांची चूक होती. चूक नव्हे — नाही, तेवढंच सांगा. बाकीचं मी तिला वर्गात सांगेन. सगळ्यांसमोर. बघू, जमलं तर.

अहो, हात कसले जोडताय? मला? खाली घ्या ते हात, किसनराव. निघा. निघा तुम्ही.