बाईसाहेबांच्या दोन दाढा

माझे नाव नोंदवहीत घेतले आहे. वय ५४, धंदा छापखान्यात संस्कृत ग्रंथांची मुद्रिते तपासणे, राहणार टपाल कचेरीमागील इमारत, तिसरा मजला. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व माझी कुत्री राहतो. पूर्वी तिघे होतो. कुत्री अकरा वर्षांची, तिला बाईसाहेब म्हणतात. तोंडाला वास येऊ लागल्याने तिला पोलीस ठाण्यासमोरच्या जनावरांच्या दवाखान्यात दाखवले. दात साफ करावे लागतील, तेही भूल देऊनच, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जागेपणी तोंड उघडून कोण बसणार. माणसेही बसत नाहीत.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता संमतीचा फॉर्म भरला. माझ्या नंबराखाली, मी न सापडल्यास कोणाला विचारावे, असा रकाना होता. घरचे, शेजारचे, कोणीही चालेल, असे काउंटरवरच्या बाईंनी सांगितले. मी बराच वेळ पेन धरून उभा होतो. रकाना रिकामा सोडणे माझ्या धंद्यात बसत नाही. खिडकीतून आपल्या ठाण्याची पाटी दिसत होती. तिच्यावरचा नंबर लिहिला. नात्याच्या जागी ‘परिचित’ लिहिले. खोडसाळपणाचा हेतू नव्हता.

घरी गेलो. नेहमीच्या वेळी फिरायला निघालो. फोन कधी कोणाचा येत नसल्याने मी तो बरोबर नेत नाही. तळ्यापाशी एका बाईंनी कुत्री कुठे म्हणून विचारले, तेव्हा हातात नुसता पट्टा आहे हे ध्यानात आले. तिथेच बाकावर बसून राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही.

दरम्यान दोन दाढा मुळाशी सडलेल्या निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी मला चार वेळा फोन केला. मौनं संमतिलक्षणम् हे वचन त्यांना मान्य नाही. म्हातारे जनावर, भुलीखाली फार वेळ ठेवता येत नाही आणि पुन्हा भूल देणे धोक्याचे, म्हणून त्यांनी ठाण्यात फोन लावला. तो ड्यूटीवरच्या शिपायांनी घेतला. हकीकत ऐकून ते म्हणाले, “दुखत असतील तर काढून टाका, मालकाची बोलणी मी खातो.” मग दहा मिनिटांत येतो असे सांगून ते रस्ता ओलांडून गेले.

मी दोन वाजता पोचलो. बाईसाहेब शुद्धीवर येत होत्या. डोके शिपायांच्या बुटावर होते. दहा मिनिटांचे दोन तास झाले होते.

“बसा काका,” शिपाई म्हणाले. “मी पाय हलवत नाहीये, तुम्हीही आवाज करू नका.”

मी बसलो.

नातेवाईक कोणीच नाहीत का, असे हा जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले. आहेत, लग्नपत्रिका पाठवतात, असे सांगितले.

दाढा काढल्याबद्दल माझी तक्रार नाही. सरकारी नंबर घरगुती कामाला दिला ही चूक माझी. शिपाई जागा सोडून गेले त्याचा ठपका त्यांच्यावर ठेवू नये, एवढ्याचसाठी मी हा जबाब देत आहे.

गुरुवारी जखम दाखवायची आहे. फॉर्मवरचा ठाण्याचा नंबर आज खोडून तिथे दुसरा लिहिला. तो कोणाचा, हे जबाबात घालू नका, असे शिपायांनी सांगितल्यामुळे घालत नाही.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे.