पदर आणि पट्टा

— न्हाई, पण मेन स्विच पाडायला तुमास्नी कुणी सांगितलं हुतं? पावणं हायसा, पावण्यासारखं आत बसून पोहं खायाचं — ते सोडून दुसऱ्याच्या वर्कशॉपात शिरायचं आनि खाडकन मेन खाली! ह्या फळीकडं बघा. झोपाळ्याची हाय, सागवानाची, पन्हाळ्याच्या हॉटेलवाल्याची. मशीनचा काचकागदाचा पट्टा एकाच जाग्याला घासून थांबला की लाकडात खड्डा पडतो. फिरवा बोट हितं. लागला का? लागला न्हवं? आता ह्यो खड्डा काढायला सगळी फळी परत पयल्यापासनं घासायला लागणार. कोण घासणार? तुमी? आत सगळ्यांस्नी वाटलंय लाईट गेली. ऐका — आमचं आबा वायरमनच्या सात पिढ्या काढायल्यात. बिचारा वायरमन घरी जेवत बसला आसंल. काढू द्यात, तेवढाच आबांचा येळ जातोय.

आसं काय बघायलायसा? व्हय, मीच ती. वर्षाराणी. जिला बघायला चंदगडासनं गाडी करून आलायसा, तीच. आनि तुमी अमरसिंह. फोटोवरनं वळीकलं. म्हंजे फोटो मी काय नीट बघितला न्हवता, आईनं दावला तवा लांबनंच बघितला. एकदा. मग परत एकदा, कपाट आवरताना हाताला लागला म्हणून. फोटोत तुमचं कान एवढं मोठं दिसत न्हाईत हां. आनि हातात काय हाय ते? मागं लपवू नका, पाकीट दिसलंय मला. आस्सं व्हय! ‘फोनला रेंज बघून येतो’ म्हणून उठला आसणार, आनि हिकडं सिगरेट वढायला आडोसा शोधायलायसा! आनि आडोसा गावला तर कुठं — भुस्स्याच्या ढिगावर. ठेवा खिशात ते. ह्यो भुस्सा पिठासारका बारीक आसतोय, हवेत उडालेला आसला तर एक ठिणगी बास. तुमी, मी, फळी, आनि तुमच्या आईनं आणल्यालं पेढं — सगळं एकदम वर. जुन्या लाकडात खिळा ऱ्हायला तरी ठिणगी उडती, म्हणून घासायच्या आधी मी सगळी फळी हातानं चाचपून घेते. आनि तुमी आलायसा काडीपेटी घेऊन!

तसं मशीन वाईट न्हाई वो. रीत पाळली तर आमच्या म्हशीपेक्षा गरीब हाय. चालू केलं की पयला त्याला पुरा वेग घेऊ द्यायचा, मगच लाकूड टेकवायचं. दाबायचं न्हाई. आमचं आबा दाबत्यात — कोंबडी अंड्यावर बसती तसं वर बसत्यात, आनि मग म्हंत्यात कागद टिकत न्हाई, कंपनी चोर हाय. कागद बदलायचा तर आधी मेन पाडायचा. नाकाला मास्क, डोळ्याला चष्मा, कानाला झाकण. आबांचा मास्क कायम हनुवटीला. मी म्हंटलं, आबा, दम छातीला लागतोय का दाढीला? तर सख्ख्या पोरीला शिव्या. आता दोन जिनं चढलं की खाली बसत्यात, डॉक्टरनं मशीनजवळ जाऊ नको म्हणून सांगितलंय, तवापासनं घासायचं काम माझ्याकडं. आनि हातमोजं घालायचं न्हाईत. लोकास्नी वाटतंय हातमोजं म्हंजे सेफ्टी — खुळी कुठली! मोजा पट्ट्यानं वढला की त्याच्या मागनं हात जातोय. केस घट्ट बांधायचं, अंगठी न्हाई, बांगडी न्हाई, गळ्यात काय न्हाई, अंगावर लोंबणारं कापड न्हाई —

हसू नका.

हसू नका म्हंटलं न्हवं? घातलीया मी साडी. घातल्यात बांगड्या. रोज घालते का? रोज आबांचा जुना शर्ट आनि पँट आसती माझी. आज तुमी येणार म्हणून आईनं सकाळी गुंडाळलंय मला, ह्या बांगड्या साबण लावून चढवल्यात, आता मनगट कापलं तरच निघतील. तुमास्नी काय सांगितलंय हे स्थळ जुळवणाऱ्या धोंडुबाई आत्यानं? पोरगी भरतकाम करती, आसंच न्हवं? भरतकाम! सुईत दोरा ओवायला मला शेजारची पोरगी लागती. आनि पदर खोचला हुता की मी! कमरंला चांगला घट्ट खोचला हुता. ही मावशीची साडी, तिच्यासारकीच — कुठं थांबायचं ते हिला कळत न्हाई. फळी फिरवायला वाकले, पदर सुटला, आनि रोलरनं घेतला. बघा, एवढा गेला. चिंध्या. खांद्याची पिन तुटंना, मान खाली, तोंडाम्होरं पट्टा, आनि मग —

मग मेन पडला. बरं. तुमी पाडला. बरं झालं, पाडला ते. म्हंटलं की! आनि काय, पाया पडू?

भ्याले-बिले न्हाई मी. … भ्याले मी. लई भ्याले. झालं समाधान?

आनि खरं सांगू? फळीची आज घाईच न्हवती. टेंपो परवा येणार हाय. पण आईनं तिकडं पोहं ढवळता ढवळता सांगितलं — ‘आज ठरलं तर उद्यापासनं मशीन बंद, आता हात जरा मऊ होऊ द्यात पोरीचं.’ मागल्या येळी एक जण आलता, त्यानं माझ्या हाताचं घट्टं बघून आईला इचारलं, पोरगी दगड फोडती काय? तवापासनं आईचा ह्यो नेम. मग मी म्हंटलं, ठरलं तर ठरलं, आत्ता एकदा घासून घेऊ. परत हितं उभं ऱ्हायाला मिळतंय का न्हाई. … हे मी तुमास्नी कशाला सांगायले? तुमी ऐकायलाय म्हणून. दुसरं कोण ऐकत न्हाई, मशीनचा आवाज आसतोय ना.

पण एक इचारू? दुसरा कोण आसता तर वरडत आला आसता आनि त्यानं मलाच धरून वढलं आसतं. त्यो बी अडकला आसता संगट. तुमी माझ्याकडं बघितलं सुदिक न्हाई, सरळ भिंतीकडं पळालासा. कुणी शिकीवलं?

… कोण? तुमचं वडील? … भाताच्या गिरणीत? … सदऱ्याची बाही. … सगळ्यांनी त्यास्नीच धरलं, आनि मेन कुणीच — … केवढं हुतासा तुमी? … आठवीत.

म्हणून ते शाल घेऊन बसल्यात व्हय. मी फटीतनं बघितलं तवा म्हंटलं, चंदगडवाल्यांस्नी मे महिन्यात बी थंडी वाजती काय? आईला बी हसवलं मी त्याच्यावर. … चुकलं माझं. काय म्हाईत न्हवतं हो मला.

मग तर मिटलंच. पट्ट्यानं ज्या घरातला हात नेला, त्या घरात मी कशी चालंन? मला बी कळतंय तेवढं. एक काम करा — माझ्यासाठी न्हाई, म्हंजे माझ्यासाठीच. आत जावा आनि नापसंत म्हणा. काळी हाय म्हणा. बुटकी हाय म्हणा. तोंडाळ हाय म्हणा, ते तर खोटं बी न्हाई. पण ह्या पदराचं नाव काढू नका. आबांनी सांगून ठेवलंय, ‘तुला एक ओरखडा जरी आला, त्या दिवशी मशीन भंगारात.’ आनि आबा तोंडानं लाख बोलत्यात, पण ही एक गोष्ट ते करतील. आईला मी सांगीन पदर दाराच्या कडीत अडकून फाटला. तुमची सिगरेट मी सांगत न्हाई, माझा पदर तुमी सांगू नका. काळी म्हंटल्याचं मला काय वाटत न्हाई. … वाटतंय थोडं. पण ते चालतंय. मशीन गेलं तर चालत न्हाई.

… काय? … गिरणी तवापासनं बंदच हाय? बरं. मग? … शेड रिकामं हाय. … थ्री फेज लाईट अजून जोडलेली हाय. मग मला कशाला सांगायलायसा? शेड रिकामं आसलं तर म्हशी बांधा. …

… …

काय म्हंटलासा? माझं मशीन, त्या शेडात? परत म्हणा.

… आनि वडील? त्यास्नी इचारलंय का? … इचारणार. आज? शालीत बसलेल्या माणसाला हे इचारणार तुमी, ह्याच घरात? … नको म्हंटलं तर? … न्हाई, त्यांचं मन मोडून नको. तसं आजाबात नको. त्यास्नी म्हणावं, आधी येऊन बघा पोरगी कशी काम करती ते. साडीत न्हाई म्हणावं, शर्ट-पँटीत. मग काय ते ठरवा. …

शेडला खिडक्या किती हायत? … एकच? एका खिडकीनं भुस्सा जात न्हाई. म्होरल्या भिंतीला दुसरी पाडायला लागंल, वारं आरपार गेलं पायजे. … हसायलायसा काय? जावा आता आत.