मोठीमायच्या नावाचे निरोप

चंद्रकांता : पुन्हा ऐक, वीरेंद्र. मंगळवारी पाण्याच्या यादीत मी गीताबाईंचे नाव पहिले घातले. या पडद्यावर ते आजही पहिलेच आहे. मग त्यांच्या फोनवर सातवे कसे गेले?

वीरेंद्र : नेटवर्कचा लोचा असन, मोठीमाय.

चंद्रकांता : नेटवर्क पहिल्याचे सातवे करीत नाही. सकाळी ती बाई आपल्या ओसरीवर उभी राहून म्हणाली, "बाईसाहेब, माझं काय चुकलं?" निरोपाखाली नाव माझे आहे. मी काय उत्तर द्यायचे?

वीरेंद्र : मी आजच दुरुस्त करून देतो ना.

चंद्रकांता : काय दुरुस्त करणार, ते आधी सांग. आणि मला समजेल असे सांग.

वीरेंद्र : तू सकाळी बटण दाबते. आपली वेबसाइट सुरू होते. बरोबर?

चंद्रकांता : पुढे.

वीरेंद्र : तिच्यासंगं आणखी एक प्रोग्राम सुरू होते. आपोआप. तो मागं चालते, पडद्यावर दिसत नाही. तू यादी पाठवली का तो आधी तपासते, मग लोकाईच्या फोनवर पाठवते.

चंद्रकांता : तपासतो. कोणाला?

वीरेंद्र : यादीले.

चंद्रकांता : यादी मी करते.

हर्षा : आता सांगून टाका ना, कायले लपवून राहिले? आत्याबाई, पोळ्याच्या हप्त्यात तुम्ही केशोरावभाऊचं नाव एकाच यादीत दोनदा घातलं होतं. आठवते?

चंद्रकांता : नाही, सूनबाई.

हर्षा : तेच तर.

वीरेंद्र : मी वेळेवर पाहिलं, नाहीतं गावात हसू झालं असतं, मोठीमाय. म्हणून मी जुना नियम त्याच्यात टाकला. तलावापासून दूरची धानाची बांधी आधी, पाणी सोडतात त्या तुडुमाजवळची शेवटी. तुझी यादी नियमातून हुकली, नाहीतं नाव दोनदा आलं, का तो गुपचूप सरळ करते. तुझ्या पडद्यावर तुझीच यादी राहते.

चंद्रकांता : म्हणजे दीड महिना मी स्नान करून, चष्मा पुसून, या खुर्चीवर बसत होते. आणि तुम्ही माझ्या हाती खेळण्यातला फोन दिला होता.

वीरेंद्र : तसं नाही...

चंद्रकांता : तसेच आहे. तो नियम माझ्या आजेसासऱ्यांनी तलाव बांधला तेव्हाचा. मी तो विसरेन? गीताबाईंची बांधी तुडुमाला लागून आहे, नियमाने पाणी शेवटीच. पण यंदा त्यांच्या पऱ्ह्यातली रोपे सडली, रोवणी उशिरा झाली. बाकीच्यांचे दाणे भरले. त्यांचे धान आत्ता पोटरीत आहे, लोंबी अजून बाहेर पडायची आहे. बाकीचे आठ दिवस थांबू शकतात, त्या नाही. म्हणून मी जाणूनबुजून नियम मोडला. आज त्या बांधीत भेगा आहेत.

वीरेंद्र : त्याले चूक वाटली.

चंद्रकांता : मला विचारले का?

वीरेंद्र : तो विचारत नाही, मोठीमाय. वेबसाइटसंगं उठते अन् आपलं काम करते. आता तर मी पण पाहत नव्हतो.

चंद्रकांता : घरात कोणाकोणाला ठाऊक होते?

हर्षा : सगळ्याइले.

चंद्रकांता : पुष्पांजलीला? कुडव्याला राहते, तिलाही?

हर्षा : ताईनंच म्हटलं, आईले सांगू नका. दुखावन.

चंद्रकांता : पुतण्या तर पुतण्या, पोटची मुलगीही. छान.

वीरेंद्र : तुझी इज्जत राहावी म्हणून केलं, मोठीमाय. देवाशपथ.

चंद्रकांता : चाळीस वर्षे केवळराम पाटाला पाणी सोडतो आहे. पूर्वी यादी ऐकली की दारात उभा राहून म्हणायचा, "बाई, चुकलं तुमचं." चारचौघांत म्हणायचा. एकदा मी त्याला तांब्या फेकून मारला. पण नाव बदलले, ते माझ्या तोंडून बदलले. आता त्यालाही निरोप फोनवर येतो. तो बोलणार कोणाशी?

वीरेंद्र : अन् आमी काऊन बोलावं? तांब्या आजही तिथंच आहे.

चंद्रकांता : किती वेळा सरळ केले मला?

वीरेंद्र : अकरा.

चंद्रकांता : त्यांत माझ्या खऱ्या चुका किती?

वीरेंद्र : राहू दे ना.

चंद्रकांता : किती?

वीरेंद्र : नऊ.

(चंद्रकांता चष्मा काढून पदराने पुसते. पुन्हा लावते.)

चंद्रकांता : ते बंद कर. माझ्यासमोर.

वीरेंद्र : केलं. आता वेबसाइट सुरू झाली तरी तो उठणार नाही.

चंद्रकांता : हर्षा, केवळरामला सांग, तुडूम आत्ता उघडायचे. सगळे पाणी गीताबाईंच्या बांधीत. फोन नको, स्वतः पाटावर जा.

हर्षा : जातो, आत्याबाई. गीताबाईले काय सांगू?

चंद्रकांता : त्यांना काही सांगू नकोस. तिथे मी जाईन.

वीरेंद्र : अन् उद्याची यादी?

चंद्रकांता : लिही. मी बोलते, तू लिही. पहिले मंजू. दुसरे केशोराव. तिसरे दुर्गेश्वरी. चौथे केशोराव. पाचवे आचल. झाले लिहून?

वीरेंद्र : झालं.

चंद्रकांता : नीट पाहा. बरोबर आहे?

वीरेंद्र : एकदम बरोबर, मोठीमाय.

चंद्रकांता : केशोरावांचे नाव मी दोनदा घेतले, वीरेंद्र.