आता आलं का?

थांबा, तो नट लगेच आवळू नका. आधी ऐका. अँटेनाचं तोंड उलट दिशेला कुणी केलं, असं विचारताय ना? मी नाही. मी तीन सेमिस्टर इलेक्ट्रॉनिक्स नापास होऊन कॉलेज सोडलंय, काका, पण आखूड दांडे टीव्हीच्या टॉवरकडे करायचे हे कळायला पास व्हावं लागत नाही. आणि टॉवर तो काय समोर, पाण्याच्या टाकीमागे — आंधळ्यालाही दिसेल. आमच्या वडिलांना तेवढा दिसत नाही. दुकानदार बिचारा सांगत होता, टॉवर जवळ आहे साहेब, लहान पुरेल. ऐकतील तर ते वडील कसले! दुकानातली सगळ्यांत मोठी उचलली, सतरा दांड्यांची, माशाचा सांगाडा जसा — आणि गच्चीवर येऊन आईमार्फत मला हुकूम, त्याला सांग, तोंड तिकडे कर. का तिकडे? तर गल्लीतल्या सगळ्या डिशच्या छत्र्या तिकडे बघतायत म्हणून! म्हटलं, बाबा, त्या उपग्रहाकडे बघतात, हिचा आणि त्यांचा संबंध काय? "त्याला विचार, म्हणजे अख्खी गल्ली मूर्ख आणि तो एकटा शहाणा?" — संपला विषय. माझं कॉलेजही असंच ठरलं. शेजारच्या चौघांची पोरं तिकडे गेली, म्हणून माझंही तोंड तिकडे फिरवलं आणि आवळून टाकलं. फरक एवढाच की अँटेना बोलत नाही. मी बोललो, कॉलेज सोडतो म्हणून. त्या दिवसापासून त्यांनी बोलणं टाकलं. आठ महिने झाले. मी समोर ताटावर बसलेला असतो आणि हे आईला सांगतात, "त्याला विचार, भात हवाय का." हातभर अंतरावरून! आई म्हणजे आमच्या घरातलं पोस्ट ऑफिस.

तर उलटी अँटेना लागली. चित्राचे चौकोन चौकोन. मग काय — मी इथे वर, ते खाली खिडकीत, मान बाहेर काढून: "आलं का? आता? अजून फिरव! गेलं, गेलं — मागे घे!" सरळ मला. मध्ये आई नाही. एकदा तर म्हणाले, "कठड्यावर पाय जपून ठेव, गाढवा." पाय जपून, म्हणे. तोंडातून निसटलं असणार, दुसरं काय. लगेच खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या आठवड्यात ते बाहेर गेले होते, तेव्हा मी गुपचूप हिचं तोंड टॉवरकडे केलं. स्वच्छ चित्र. चार दिवस रोज बातम्या बघितल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि तोंडातून अवाक्षर नाही. पाचव्या दिवशी मी पाना घेऊन वर आलो.

हो, मीच. म्हणून तो नट असा घासून चकचकीत झालाय, तुमची नजर बरोबर आहे. पण भलतं काही समजू नका हं. सूड आहे हा. सामना रंगात आला की इकडे मी अर्धा आटा ढिला करायचा, आणि साठीचा माणूस तिकडे खिडकीत थयथयाट करतो — मजा येते. हसताय कशाला? चेहरा सरळ ठेवा. तुमच्या घरी काय सगळे गळ्यात गळे घालून बसतात?

आणि आज तुम्हाला बोलावून आणलं. मला एका शब्दानं विचारलं नाही. म्हणून म्हणतो, अर्धा आटा ढिला राहू द्या. वाऱ्यानं हलते म्हणून सांगा, मोठी आहे, हलणारच. तुमचं काय जातं? कामात खोट ठेवत नाही? वा! एवढे तत्त्वाचे आहात तर — अहो, काय करताय? एकावर दुसरा नट कशाला? अहो काका, मी बोलतोय ना —

झालं? आवळलात?

ऐका, आला खालून आवाज. "आलं! एकदम स्वच्छ! — या मिस्त्री, खाली या, चहा टाकलाय." मिस्त्री. ऐकलंत ना? मिस्त्री, म्हणाले. जा, प्या चहा, माझ्याकडे काय बघताय? पिशवी उचला. तो पाना नको, तो माझा आहे.

ठेवा खाली. आणि निघा.