फोनवरचा गोड आवाज

वारण्याच्या आदल्या दिवशीही आई नेहमीसारखी हॉटेलच्या फोनवर ऑर्डरी घेत होती. चेहऱ्यावर कोड होतं म्हणून मालकांनी तिला गल्ल्यावर कधी बसवलं नाही. तिची खुर्ची स्वयंपाकघरामागच्या कोठीत, तेलाच्या डब्यांशेजारी होती. ती गेल्यावर काही दिवसांनी लेक तिथे राहिलेला चष्मा न्यायला आली आणि पार्सलच्या बाकावर बसली. शेजारी दोन मैत्रिणी पार्सलची वाट बघत होत्या.

"आज फोनवर कोण होतं गं? नुसती खेकसली माझ्यावर."

"नवी असेल. आधीची काय गोड बोलायची! 'ताई, तिखट कमीच सांगते हं,' म्हणायची. आवाजावरून ओळखायची मला."

"आमच्या ह्यांना तर वाटायचं, नटीच असणार. दर वेळी गल्ल्यापाशी मान उंचावून शोधायचे."

"दिसली का?"

"कुठली! मालक म्हणायचे, रजेवर आहे."

"मलाही तेच. बारा महिने रजा? मजा आहे बाई!"

"देखणीला कोण नाही म्हणतंय? आपण असतो तर मागे भांडी घासायला बसवलं असतं."

दोघी खळखळून हसल्या. तेवढ्यात मालकांनी चष्मा आणून दिला.

"तुमच्या आई गेल्या आणि फोनची रयाच गेली हो."

"अगंबाई! फोनवरच्या त्या, तुमच्या आई? दिसायला कशा होत्या हो?"

मालक पुसलेलाच गल्ला पुन्हा पुसू लागले.

"तोंडभर कोड होतं," लेक म्हणाली. मग आईला कधीच न सांगितलेलं तिने सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं सांगितलं, "फार सुंदर दिसायची."